न्यू मेक्सिकोचा इतिहास आणि संस्कृती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेचा पश्चिम भाग म्हटला की आपल्याकडच्या माणसाला कॅलिफोर्निया आठवतो, फार तर ग्रँड कॅन्यनपायी ॲरिझोना. न्यू मेक्सिको मधल्या मध्ये राहून जाते. मी अल्बुकर्कीत राहते. पुण्या-मुंबईहून येणारे पाहुणे, इकडे शिकायला येऊ पाहणारी मुले आणि त्यांचे पालक जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत. माझे एक मत आधीच सांगून टाकते. इथला इतिहास गव्हर्नर, सेनापती आणि बंदूकबाज यांच्या क्रमाने वाचला तर हाती फारसे लागत नाही. जमीन कोणाची, पाणी कोणाचे आणि ते कोणी मिळून सांभाळले, या अंगाने वाचला तर बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. म्हणून त्याविषयीची उत्तरे लांबली आहेत.

न्यू मेक्सिको मेक्सिकोत आहे का? वेगळा व्हिसा लागतो का?

नाही. ६ जानेवारी १९१२ पासून ते अमेरिकेचे ४७वे राज्य आहे, अमेरिकेचा व्हिसा पुरतो. नावावरून गोंधळ होतो खरा. पण हे नाव मेक्सिको या देशापेक्षा जुने आहे: स्पॅनिश लोक सोळाव्या शतकापासून उत्तरेकडच्या या मुलखाला तसे म्हणत होते आणि मेक्सिको देश स्वतंत्र झाला १८२१ मध्ये.

आकाराचा अंदाज हवा असेल तर क्षेत्रफळ सुमारे ३ लाख १५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहून किंचित जास्त. लोकसंख्या मात्र २०२०च्या जनगणनेत जेमतेम २१ लाख १७ हजार. पाऊस कमी, उंची भरपूर (राजधानी सांता फे समुद्रसपाटीपासून सुमारे ७,००० फुटांवर आहे) आणि मधोमध उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहणारी रिओ ग्रांदे नदी. वस्ती आजही बरीचशी या नदीला आणि तिच्या उपनद्यांना धरून आहे.

तिथले मूळ रहिवासी कोण? ते अजून आहेत का?

आहेत, आणि आपापल्या गावांत आहेत. राज्यात १९ प्वेब्लो गावे आहेत (गावालाही प्वेब्लो म्हणतात आणि तिथल्या लोकांनाही), शिवाय नावाहो (ते स्वतःला दिने म्हणवतात) आणि अपाची. या १९ गावांत एकच भाषा नाही. केरेस, तिवा, तेवा, तोवा आणि झुनी अशा वेगवेगळ्या भाषा आहेत आणि त्यातल्या काहींचे एकमेकींशी काहीच नाते नाही. प्रत्येक गावाचे स्वतःचे सरकार आहे, गव्हर्नर आहे, न्यायव्यवस्था आहे.

ताओस प्वेब्लोची मातीची बहुमजली घरे कित्येक शतके वापरात आहेत. १९९२ पासून ती जागतिक वारसा यादीत आहेत. ॲकोमा हे गाव साडेतीनशेहून अधिक फूट उंच, सरळ तुटलेल्या कड्याच्या खडकावर वसले आहे. माणसाचा वावर त्याहून कितीतरी जुना. व्हाइट सँड्सच्या जुन्या सरोवराच्या काठी सापडलेले पावलांचे ठसे २१,००० ते २३,००० वर्षांपूर्वीचे असल्याचे संशोधन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावर बराच वाद झाला, पण नंतरच्या चाचण्यांनीही तोच काळ दाखवला.

चाको कॅन्यनमधले लोक ‘गूढरीत्या नाहीसे’ झाले म्हणतात, ते खरे का?

ही दंतकथा आता सोडून द्यावी. चाको हे साधारण इसवी सन ८५० ते ११५० या काळातले मोठे केंद्र. तिथल्या प्वेब्लो बोनीतो या एकाच वास्तूत सहाशेहून अधिक खोल्या होत्या, काही भाग चार-पाच मजली. छतांची लाकडे सत्तर-ऐंशी किलोमीटर लांबच्या डोंगरांतून आणलेली. चाके नव्हती, ओझ्याची जनावरे नव्हती, म्हणजे प्रत्येक ओंडका माणसांनी वाहून आणला. तिथल्या उंच नळकांड्यांसारख्या मडक्यांत कोकोचे अंश सापडले. कोको पिकतो तो दक्षिणेत, सुमारे दोन हजार किलोमीटरवर. मकाव पोपटांचे अवशेषही मिळाले आहेत.

बाराव्या शतकात मोठे दुष्काळ पडले, लोक हळूहळू निघून गेले आणि नदीकाठी व इतरत्र वसले. आजचे प्वेब्लो आणि होपी त्यांना आपले पूर्वज मानतात, त्यांची स्थलांतरे आपल्या कथांतून सांगतात. ज्यांचे वंशज आजही मका पेरत आहेत, त्यांना नाहीसे झालेले कसे म्हणायचे?

स्पॅनिश लोक कधी आले आणि कसे वागले?

१५४० मध्ये कोरोनादो सोन्याच्या शोधात आला. झुनींच्या हाविकू गावावर त्याने हल्ला केला. सोने मिळाले नाही, तो परत गेला. वसाहत झाली १५९८ मध्ये, हुआन दे ओन्यातेच्या नेतृत्वाखाली, आजच्या ओके ओविंगे गावाजवळ.

ॲकोमाचे नाव इथे पुन्हा येते. तिथे धान्य मागायला गेलेल्या तुकडीशी चकमक झाली आणि त्यात ओन्यातेचा भाचा मारला गेला. जानेवारी १५९९ मध्ये ओन्यातेने गावावर फौज पाठवली. शेकडो माणसे मारली गेली. पकडलेल्यांवर खटल्याचे सोंग झाले. पंचवीस वर्षांवरच्या पुरुषांना एक पाय तोडण्याची आणि वीस वर्षे सक्तमजुरीची शिक्षा सुनावण्यात आली. पुढे खुद्द स्पॅनिश सरकारने ओन्यातेवर खटला चालवून त्याला या प्रांतातून हद्दपार केले. १९९८ मध्ये, म्हणजे वसाहतीच्या चारशेव्या वर्षी, आल्काल्दे इथल्या त्याच्या पुतळ्याचा उजवा पाय रातोरात कापून नेण्यात आला. चारशे वर्षांपूर्वीची गोष्ट इथे कोणी विसरलेले नाही, एवढे त्यावरून कळावे.

१६८० च्या प्वेब्लो बंडाला एवढे महत्त्व का?

आज जी अमेरिका आहे त्या भूमीवर मूळ रहिवाशांनी युरोपीय सत्तेला अख्ख्या प्रांतातून हाकलून दिले आणि बारा वर्षे परत येऊ दिले नाही, असे दुसरे उदाहरण नाही. मला विचाराल तर शाळेच्या पुस्तकात अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या आधी हे यायला हवे.

कारणे साठत आली होती. स्पॅनिश वसाहतकारांना प्रत्येक घराकडून मका आणि कापड वसूल करण्याचा हक्क होता, वर वेठबिगार वेगळी. १६६०-७०च्या दशकांत पावसाने दगा दिला, भूकबळी पडले, अपाचींच्या धाडी वाढल्या. अशा वेळी लोकांनी पावसासाठी आपले जुने विधी पुन्हा धरले, तर पाद्र्यांनी मुखवटे जाळले आणि कीवांवर, म्हणजे जमिनीखालच्या पवित्र दालनांवर, छापे घातले. १६७५ मध्ये ४७ पुरुषांना चेटूक केल्याच्या आरोपाखाली पकडले, काहींना फाशी दिली, बाकीच्यांना चाबकाचे फटके. त्या फटके खाल्लेल्यांत ओके ओविंगेचा पोपे होता.

पोपेने ताओसमध्ये राहून जुळणी केली. अडचण अशी की गावे शेकडो मैलांवर पसरलेली, भाषा निरनिराळ्या, लिहिण्याची रीत नाही. मग युक्ती झाली ती दोरीची. युक्का नावाच्या काटेरी झुडपाच्या तंतूंच्या दोऱ्यांना गाठी मारून त्या धावपटूंबरोबर गावोगाव पाठवल्या. रोज एक गाठ सोडायची, शेवटची गाठ सुटली की उठाव. ९ ऑगस्टला तेसुके गावचे दोन तरुण धावपटू, कातुआ आणि ओमतुआ, पकडले गेले. बेत फुटला म्हटल्यावर थांबायचे कशाला, १० ऑगस्टलाच उठाव झाला. सुमारे ४०० वसाहतकार मारले गेले, त्यात २१ फ्रान्सिस्कन पाद्री. उरलेले सांता फेच्या गव्हर्नरवाड्यात कोंडले गेले.

वेढा कसा मोडला हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. प्वेब्लो लढवय्यांनी वाड्याकडे येणारा पाण्याचा पाट तोडला. आत माणसे आणि जनावरे तहानेने कासावीस झाली. गव्हर्नर ओतेर्मिनने २१ ऑगस्टला शहर सोडले आणि सुमारे दोन हजार लोक दक्षिणेकडे, आजच्या एल पासोकडे निघाले. प्वेब्लो टेकड्यांवरून बघत राहिले. ठरवले असते तर त्यांना वाटेतच संपवता आले असते. त्यांनी जाऊ दिले.

पण स्पॅनिश परत आलेच ना? मग मिळवले काय?

आले. दिएगो दे वार्गास १६९२ मध्ये आला, पुढच्या वर्षी सांता फेसाठी रक्तरंजित लढाई झाली आणि १६९६ मध्ये पुन्हा एक उठाव चिरडला गेला. तरीही आधीची वसुलीपद्धत पुन्हा सुरू झाली नाही, धर्माच्या बाबतीत पाद्र्यांना हात आखडता घ्यावा लागला आणि गावांच्या जमिनींना मान्यता मिळाली. आजही प्वेब्लोंच्या भाषा, नृत्ये, कीवा टिकून आहेत, यात त्या बारा वर्षांचा वाटा मोठा आहे, असे प्वेब्लो लोक स्वतः सांगतात. २००५ मध्ये वॉशिंग्टनच्या संसद भवनात प्रत्येक राज्याच्या दोन पुतळ्यांपैकी न्यू मेक्सिकोचा दुसरा पुतळा बसला, तो पोपेचा. हेमेस प्वेब्लोचे शिल्पकार क्लिफ फ्रागुआ यांनी तो संगमरवरात घडवला आहे. पाठीवर फटक्यांचे वळ आहेत आणि हातात गाठींची दोरी.

असेकिया म्हणजे काय? एवढ्याशा पाटाचे एवढे कौतुक का?

कारण हा पाट म्हणजे गावाची संस्था आहे. स्पेनमध्ये मूर लोकांनी रुजवलेली सिंचनाची रीत वसाहतकारांनी बरोबर आणली. प्वेब्लो लोक आधीपासून पाणी वळवून शेती करत होतेच. दोन्हींच्या मिश्रणातून हे पाट तयार झाले. नदीवर लहान बंधारा, तिथून निघणारा मुख्य पाट, त्याला फुटणारे उपपाट, आणि शेताच्या तोंडाशी लाकडी किंवा लोखंडी फळी. सगळे पाणी गुरुत्वाने वाहते, कुठे पंप नाही. राज्यात असे सुमारे सातशे पाट आजही चालू आहेत.

धुळे-नाशिककडे पांझरा-मोसमच्या खोऱ्यांतली फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे लगेच उमगेल. इथे पाटकऱ्याच्या जागी मायोरदोमो असतो, त्याला पाटाचे हिस्सेदार दरवर्षी किंवा ठरलेल्या मुदतीने निवडतात. कोणाची पाळी कधी, किती वेळ, हे तो ठरवतो. पाणी कमी असेल त्या वर्षी सगळ्यांना कमी. राज्याचा सर्वसाधारण जलकायदा उलट आहे: ज्याचा हक्क जुना त्याला आधी, उरले तर नव्याला. असेकियांनी मात्र टंचाई वाटून घेण्याची रीत आपल्यापुरती जपली.

वसंतात पाट साफ करायचा दिवस असतो. प्रत्येक हिस्सेदाराने खोरे घेऊन यायचे किंवा बदली माणूस पाठवायचा. उत्तरेकडच्या एका गावात मीही उतरले आहे. मायोरदोमो काठीने अंतर मोजत पुढे जातो आणि पाटाचा एकेक तुकडा एकेकाला नेमून देतो. तुकडा झाला की पुन्हा पुढे जाऊन नवा घ्यायचा. वर्षभराचा गाळ, विलोची मुळे, कुठून तरी वाहत आलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या. सत्तरीच्या पुढचे एक आजोबा माझ्या शेजारच्या तुकड्यात होते. ते कडेचा गाळ काठावर अशा कोनात टाकत होते की तो पुन्हा आत येऊ नये, आणि मी टाकलेला प्रत्येक ढीग न बोलता नीट करत होते. दुपारी पाणी सोडले. आधी पालापाचोळ्याचा, फेसाचा गढूळ लोंढा येतो आणि मग मागून स्वच्छ पाणी. लोक त्याच्याबरोबर काठाने चालत जातात.

शहरे वाढली तशी शेतकऱ्यांचे पाण्याचे हक्क विकत घेऊन ते पाणी दुसरीकडे वळवण्याचे प्रकार सुरू झाले. एकाने हक्क विकला की पाटात पाणी कमी, साफसफाईला हात कमी, आणि पाट मरायला लागतो. २००३ च्या कायद्याने असेकियांना असे हस्तांतर नाकारण्याचा अधिकार दिला. माझ्या मते राज्याच्या अलीकडच्या इतिहासातला हा फार मोलाचा कायदा आहे, आणि त्याची बातमी बाहेर फारशी गेली नाही.

अमेरिकेने हा प्रदेश कसा घेतला?

१८२१ मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाल्यावर मिसुरीहून सांता फेपर्यंतचा व्यापारी मार्ग खुला झाला. माल आला, मागोमाग माणसे आली. १८ ऑगस्ट १८४६ रोजी जनरल कर्नीने गोळी न झाडता सांता फे ताब्यात घेतले. पुढच्या जानेवारीत ताओसमध्ये हिस्पानो (स्पॅनिश वसाहतकारांचे वंशज) आणि प्वेब्लो लोकांनी मिळून उठाव केला, त्यात अमेरिकी गव्हर्नर चार्ल्स बेंट मारला गेला. सैन्याने उठाव मोडताना ताओस प्वेब्लोच्या चर्चवर तोफा डागल्या, आत लोक आश्रयाला होते. त्या चर्चचा पडका मनोरा अजून उभा आहे, भोवती गावाचे दफनस्थान आहे. २ फेब्रुवारी १८४८ च्या ग्वादालुपे इदाल्गोच्या तहाने प्रदेश अमेरिकेचा झाला.

‘लँड ग्रँट’चा वाद काय आहे? लोक अजून त्यावर का भांडतात?

स्पॅनिश आणि मेक्सिकन सरकारांनी गावांना जमिनी दिल्या त्या दोन भागांत. घर आणि शेताचा तुकडा कुटुंबाचा, तर चराई, लाकूड, शिकार यांसाठीचे डोंगर आणि कुरणे सगळ्या गावाची सामाईक. सामाईक जमीन विकता येत नसे. १८४८ च्या तहात लोकांच्या मालमत्तेचे रक्षण करण्याचे वचन होते. पण या अनुदानांविषयीचे दहावे कलम अमेरिकी सिनेटने मंजुरीच्या वेळी काढूनच टाकले.

मग सुरू झाली कोर्टबाजी. कागद स्पॅनिशमध्ये, कोर्ट इंग्रजीत, नकाशांऐवजी ‘त्या ओढ्यापासून या टेकडीपर्यंत’ अशा सीमा. गावकऱ्यांकडे रोख पैसा नाही, म्हणून वकील फी म्हणून जमीनच घेत. सांता फेतल्या अशा वकील-राजकारण्यांच्या कंपूला ‘सांता फे रिंग’ म्हणत. त्यातला थॉमस कॅट्रन देशातल्या मोठ्या जमीनदारांत गणला जाऊ लागला आणि राज्य झाल्यावर पहिल्या दोन सिनेटरांपैकी एक झाला. १८९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की सामाईक जमीन गावाची नव्हतीच, ती सार्वभौम सत्तेची होती, म्हणजे आता अमेरिकी सरकारची. सान मिगेल देल वादो या गावांच्या अनुदानात ३ लाख १५ हजार एकरांच्या आसपास जमीन होती. उरली जेमतेम ५ हजार एकर. आजच्या राष्ट्रीय वनांतला बराच भाग अशा सामाईक जमिनींचा आहे. आजोबा ज्या डोंगरात सरपण तोडत, तिथे नातवाला परवाना काढावा लागतो.

लोक गप्प बसले नाहीत. १८८९-९० मध्ये लास वेगास परिसरात (हे न्यू मेक्सिकोतले लास वेगास, जुगाराचे नव्हे) ‘गोरास ब्लांकास’, म्हणजे पांढऱ्या टोप्यांवाले, रात्री घोड्यांवरून येऊन सामाईक कुरणांना घातलेली काटेरी तारेची कुंपणे कापत. ५ जून १९६७ रोजी रेयेस लोपेस तिहेरीनाच्या माणसांनी तिएरा आमारिया गावच्या कोर्टावर धाड घातली. त्या हिंसेचे समर्थन मी करणार नाही, पण तिच्या मागचा हिशेब खरा होता.

घेतलेली जमीन कधी परत मिळाली आहे का?

एक मोठे उदाहरण आहे. ताओस प्वेब्लोच्या वरच्या डोंगरात ब्लू लेक आहे. गावाची नदी तिथून उगम पावते आणि ते त्यांचे अत्यंत पवित्र स्थान आहे. १९०६ मध्ये सरकारने ते राष्ट्रीय वनात घातले. गावाने पैशाची भरपाई नाकारली आणि पिढ्यान्‌पिढ्या फक्त तलाव मागितला. १५ डिसेंबर १९७० रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ४८,००० एकर परत देणाऱ्या कायद्यावर सही केली.

नावाहोंची ‘लाँग वॉक’ म्हणजे काय?

१८६३-६४ मध्ये किट कार्सनच्या फौजेने नावाहोंची पिके जाळली, पीचची झाडे तोडली, मेंढ्या मारल्या. उपासमारीने शरण आलेल्या हजारो लोकांना शेकडो मैल चालवत फोर्ट समनरजवळच्या बोस्के रेदोंदो छावणीत नेले. वाटेत मागे पडणाऱ्यांना गोळ्या घातल्याच्या आठवणी घराघरांत सांगितल्या जातात. पेकोस नदीचे खारट पाणी, पडून जाणारी पिके, रोगराई. छावणीत जवळपास चौथा हिस्सा माणसे गेली असावीत. १ जून १८६८ च्या करारानंतर त्यांना आपल्याच मुलखात परत जाऊ दिले. हे इतर जमातींच्या नशिबी क्वचितच आले. दुसऱ्या महायुद्धात ज्यांची भाषा अमेरिकी मरीन दलाने गुप्त संदेशांसाठी वापरली, ते हेच लोक.

राज्याचा दर्जा मिळायला साठहून अधिक वर्षे का लागली?

लोक बहुतांशी स्पॅनिश बोलणारे, कॅथलिक आणि मूळ रहिवासी होते, म्हणून. वॉशिंग्टनमधल्या पुढाऱ्यांनी हे उघड बोलून दाखवले. १८५० पासून प्रदेशाचा दर्जा, राज्य १९१२ मध्ये. आणि त्यानंतरही मूळ रहिवाशांना मतदानाचा हक्क मिळाला १९४८ मध्ये. इस्लेता प्वेब्लोचे शिक्षक मिगेल त्रुहियो महायुद्धात मरीन दलात होते. परत आल्यावर मतदार नोंदणीला गेले, नकार मिळाला, ते कोर्टात गेले आणि जिंकले.

बिली द किड?

होता. १८७८ च्या लिंकन काउंटीतल्या व्यापारी टोळीयुद्धातला पोरगेला बंदूकबाज, १४ जुलै १८८१ रोजी फोर्ट समनरला शेरीफ पॅट गॅरेटच्या गोळीने मेला. पर्यटकांना त्याचे वेड आहे. तिथे गेलात तर त्याची कबर पाहून परतू नका. बोस्के रेदोंदोचे स्मारक त्याच गावात, थोड्याच अंतरावर आहे.

अणुबॉम्ब इथेच बनला ना? ओपेनहायमरने खरेच गीता म्हटली का?

बॉम्ब लॉस अलामोसच्या पठारावर बनला. १९४२-४३ मध्ये लष्कराने तिथली मुलांची निवासी शाळा आणि आसपासच्या हिस्पानो शेतकऱ्यांची शेते घेतली. खालच्या प्वेब्लो गावांतली माणसे तिथे घरकामाला आणि मजुरीला जाऊ लागली. ‘ट्रिनिटी’ नावाची चाचणी झाली दक्षिणेत, होर्नादा देल मुएर्तो नावाच्या ओसाड पट्ट्यात, १६ जुलै १९४५ रोजी पहाटे ५ वाजून २९ मिनिटांनी. गीतेबद्दल: ओपेनहायमर बर्कलीत आर्थर रायडर यांच्याकडे संस्कृत शिकले होते. अकराव्या अध्यायातली ती ओळ (‘मी आता मृत्यू झालो आहे, जगांचा संहारक’) त्या क्षणी आठवली, असे त्यांनी पुढे १९६५ मध्ये टीव्हीवर प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत सांगितले. तिथे मोठ्याने म्हटली असे नव्हे.

आपल्याकडे चर्चा या ओळीपाशीच थांबते, याचे मला वाईट वाटते. त्या ‘ओसाड’ पट्ट्याच्या आसपास माणसे राहत होती. तुलारोसा, कारिसोसो आणि आजूबाजूच्या वाड्यांतले लोक छपरावरून टाक्यांत साठवलेले पावसाचे पाणी पीत, घरच्या गाईंचे दूध, परसातली भाजी. आकाशातून राख पडली तेव्हा त्यांना कोणी काही सांगितले नाही. लष्कराने दारूगोळ्याचे कोठार उडाले अशी बातमी दिली. पुढे कुटुंबांमागून कुटुंबांत कर्करोग झाले. १९९० मध्ये किरणोत्सर्ग-बाधितांना भरपाई देणारा कायदा आला. त्यात नेवाडातल्या चाचण्यांच्या वाऱ्याखाली आलेल्यांची सोय होती, ट्रिनिटीच्या शेजाऱ्यांची नव्हती. तुलारोसा खोऱ्यातल्या लोकांनी २००५ पासून संघटना बांधून नेटाने पाठपुरावा केला आणि २०२५ मध्ये त्यांचा समावेश झाला. तोवर अनेक जण गेले होते.

त्याच कथेचा दुसरा भाग युरेनियमचा. नावाहो आणि लगूना प्वेब्लोच्या जमिनींवर खाणी निघाल्या. १६ जुलै १९७९ रोजी चर्च रॉक इथला बांध फुटून सुमारे ३५ कोटी लीटर किरणोत्सारी पाणी पुएर्को नदीत गेले. त्या नदीवर नावाहोंच्या मेंढ्या पाणी पीत होत्या.

सगळी घरे मातीची का दिसतात?

सांता फेत बरीच आता फक्त तशी दिसतात, आत लाकडी सांगाडा आणि वर मातकट रंगाचा गिलावा. खरी अडोबी म्हणजे माती, वाळू आणि गवताचा काड घालून उन्हात वाळवलेली वीट. जाड भिंत दिवसा घर थंड ठेवते, रात्री ऊब देते. गिलावा दर काही वर्षांनी नव्याने करावा लागतो आणि हे काम परंपरेने बायकांचे.

रांचोस दे ताओस इथल्या सान फ्रान्सिस्को चर्चने ही मेहनत टाळून पाहिली. १९६७ मध्ये कायमचा उपाय म्हणून सिमेंटचा गिलावा दिला. ओल आत अडकली आणि विटा विरघळू लागल्या. काही वर्षांनी सिमेंट उतरवून पुन्हा मातीवर यावे लागले. आता उन्हाळ्याच्या सुरुवातीला गावकरी एकत्र येऊन चर्च लिंपतात. तेव्हा गेलात तर तुमच्याही हातात चिखलाचा गोळा येऊ शकतो.

ती काळी चकचकीत मडकी कशी करतात?

सान इल्देफोन्सो प्वेब्लोच्या मारिया मार्तिनेस आणि त्यांचे पती हुलियान यांनी साधारण १९१९ च्या सुमारास काळ्यावर काळी नक्षी साधली. चाक नाही, मातीच्या वळकट्या एकावर एक रचून मडके उभे करायचे. वाळले की वरून मातीचा पातळ थर देऊन नदीतल्या गुळगुळीत दगडाने तासन्‌तास घोटायचे. घोटलेल्या भागावर हुलियान मातीच्या पाण्याने नक्षी काढत. मग भट्टी उघड्यावर, आणि ऐन वेळी ती घोड्याच्या बारीक लिदीने दडपून टाकायची. हवा कोंडते, धूर आत राहतो आणि लाल माती काळी होते. घोटलेले चमकते, रंगवलेले मंद राहते. मारियांनी हे तंत्र गावातल्या सगळ्यांना शिकवले, स्वतःपाशी ठेवले नाही.

विकत घ्यायचे तर सांता फेच्या गव्हर्नरवाड्याच्या ओसरीत कारागीर स्वतः बसतात त्यांच्याकडून घ्या. दर ऑगस्टला भरणारा ‘इंडियन मार्केट’ १९२२ पासून चालू आहे. किंमत जास्त वाटली तर घासाघीस करू नका, वर काय लिहिले ते आठवा.

‘रेड ऑर ग्रीन?’ असे वेटर का विचारतो?

मिरचीची कोणती आमटी हवी, लाल की हिरवी, असा तो प्रश्न आहे. हा राज्याचा अधिकृत प्रश्न आहे, १९९६ पासून. दोन्ही हवे असेल तर ‘ख्रिसमस’ म्हणायचे. झाड एकच: कच्ची तोडली ती हिरवी, पिकू दिली ती लाल. फाबियान गार्सिया या शास्त्रज्ञांनी १९२१ मध्ये ‘न्यू मेक्सिको नं. ९’ हा वाण काढला, आजच्या लांबट मिरच्यांचे कूळ तिथे जाते. हॅच खोरे प्रसिद्ध आहे, पण चिमायोची जुनी गावठी मिरची मला जास्त आवडते. लहान, वाकडी, चवीला गोडसर आणि खोल.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये किराणा दुकानांच्या बाहेर जाळीची गोल पिंपे फिरत असतात, खाली गॅसच्या ज्वाळा. पोतेभर हिरव्या मिरच्या आत टाकतात, साल तडतडत काळे पडते. गरमागरम मिरच्या पिशवीत बांधून देतात, घरी नेऊन सोलायच्या आणि वर्षभरासाठी फ्रीजरमध्ये. आपल्याकडे मिरची आली तीही अमेरिका खंडातूनच, पोर्तुगीजांबरोबर गोव्यामार्गे. ठेच्यासाठी भाजलेली हॅच मिरची उत्तम, पण लसूण भरपूर घाला, कारण ती आपल्या लवंगीपुढे सौम्य आहे.

महाराष्ट्राशी आणि गोव्याशी काही नाते आहे का?

थोडे, पण खरे. लास वेगासजवळच्या माँटेझुमा गावात युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे, १९८२ मध्ये सुरू झालेले. मुळशीजवळचे महिंद्रा कॉलेज त्याच संस्थापरिवारातले. ताओसमध्ये नीम करोली बाबांच्या भक्तांनी उभारलेले हनुमान मंदिर आहे, तिथे प्रसादाचे जेवण मिळते.

अल्बुकर्की शहराचे नाव गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द अल्बुकर्कवरून नाही. १७०६ मध्ये ते मेक्सिकोतल्या स्पॅनिश व्हाइसरॉयच्या सरदारकीवरून पडले. दोन्ही नावांचे मूळ मात्र स्पेनमधल्या एकाच गावात आहे.

प्वेब्लो गावात जायचे तर काय पाळावे?

आधी गावाच्या वेबसाइटवर पाहा किंवा फोन करा. धार्मिक विधींसाठी गावे बाहेरच्यांना बंद असतात. फोटोची परवानगी गावागणिक वेगळी, आणि नृत्यांच्या दिवशी बहुतेक ठिकाणी फोटो, रेकॉर्डिंग, चित्र काढणे, सगळेच मना. फोन गाडीत ठेवलेला बरा. कीवा, दफनभूमी आणि लोकांची घरे यांच्याकडे न बोलावता जाऊ नका. नृत्य ही प्रार्थना आहे, संपल्यावर टाळ्या वाजवत नाहीत.

गावच्या संताच्या दिवशी (ताओसला ३० सप्टेंबर) कोणी घरी जेवायला बोलावले तर नाही म्हणू नका. लांब टेबलावर लाल मिरचीचे मटण, पोसोले (मक्याच्या दाण्यांचा रस्सा), ओव्हनची पावरोटी असेल. बसा, पोटभर खा, आभार माना आणि गप्पा मारत न रेंगाळता उठा, कारण तुमच्या मागे पुढची पंगत उभी असते.